यशवंतराव चव्हाण : बालपण आणि कौटुंबिक संस्कार

‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचा अभ्यास करताना यशवंतरावांच्या बालपणाकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. वडील बळवंतराव अकाली निवर्तले. आई विठाई यांनी कराडमध्ये हलाखीत संसार सावरला. थोरल्या बंधूंनी नोकरी करून घराचा भार उचलला. आई स्वतः शाळेत शिकलेल्या नव्हत्या, तरी मुलांचे शिक्षण त्यांनी थांबू दिले नाही. स्वातंत्र्यचळवळीत विद्यार्थिदशेतच तुरुंगात गेलेल्या यशवंतरावांनी माफी मागून सुटावे, असे सुचवले गेले, तेव्हा त्यांनाही ते रुचले नाही.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे संरक्षणमंत्री झालेला हा नेता ‘गरिबीने घडवला’ असे म्हणणे अपुरे ठरते. तशी गरिबी तेव्हा घरोघरी होती. त्यांना घडवले ते गरिबीतही कुटुंबाने घेतलेल्या निर्णयांनी.

स्वाध्याय : आपल्या शिक्षणासाठी घरातील कोणी कोणता त्याग केला, ते आठवा आणि त्याआधारे वरील विधानाची चर्चा करा.