गोवरीवर भाजलेली भाकर

शास्त्रपाठ : यहेज्केल ४:९-१५

इ. स. पूर्वी ५९७ मध्यें यरुशलेमेंतून धरून बाबेलास नेलेल्या लोकांत यहेज्केल संदेष्टा होता. त्या नगरास पुढें पडणाऱ्या वेढ्याची खूण म्हणून देवानें त्यास ३९० दिवस मोजून खाण्यास सांगितलें. गहूं, जव, मसूर, बाजरी इत्यादि एकत्र करून केलेली ही भाकर रोज २० शेकेल, म्हणजे आपले सुमारें २० तोळे. वेढा पडला कीं धान्य तुटतें, तसें सरपणहि तुटतें. म्हणून ती मनुष्याच्या विष्ठेवर भाजावी, अशी आज्ञा झाली. संदेष्टा कळवळला, तरुणपणापासून आपण अमंगळ कांहीं खाल्लें नाहीं, असें त्यानें विनविलें. तेव्हां देवानें गाईचें शेण जाळण्याची मोकळीक दिली.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धरूं. पहिली, शिक्षेचा संदेश देतांनाहि देवानें आपल्या सेवकाचें गाऱ्हाणें ऐकिलें. दुसरी, वाळलेलें शेण पॅलेस्टाईन देशांतहि गोरगरिबांचें जळण होतें. आमच्या भगिनी शेणांत भुसा कालवून गोवऱ्या थापितात, त्यांत लाज ती कसली? शेणानें मनुष्य भ्रष्ट होत नाहीं, आणि शेणानें पापहि धुतलें जात नाहीं. अंतःकरण शुद्ध करणारा एक ख्रिस्तच.

गोवरीचा धूर मात्र डोळ्यांस व छातीस बाधतो. म्हणून चुलीस धुराडें असावें. ज्या देवानें भाकरीखालच्या जाळाविषयींची विनंति ऐकिली, त्यास आपल्या चुलीचीहि काळजी आहे.

प्रश्न :
१. यहेज्केल कां कळवळला?
२. आपल्या घरांत जें काम हलकें मानितात, तें कोण करितें? त्याचा मान आपण कसा राखूं?