नाथांचा जोगवा आणि आराधिणीची परडी

श्रीएकनाथमहाराजांचे भारूड आपल्या सप्ताहांत हटकून होते. काल्याच्या आदल्या रात्री कोणी तरी लुगडे नेसून उभा राहतो, मंडळी पोट धरधरून हसतात आणि भारूड झाले असे आपण म्हणतो. हसू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु नाथांनी ज्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींचे सोंग घेतले, ती मंडळी आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भारुडाचा अर्थ हाती लागत नाही. नुसत्या पोथीवर हे भागत नाही बरे का! आम्ही स्वतःची फजिती करून घेऊन हे शिकलो, म्हणून सांगतो.

१९८३ सालची गोष्ट. आम्ही पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलो होतो. लघुकौमुदी मुखोद्गत, एकादश स्कंध जिभेवर, आणि अंगात तोरा भारी. तुळजापूरच्या वाटेवरील एका गावी कीर्तनसेवेला नाथांचा जोगवा घेतला. त्यात बोधाने परडी भरण्याची गोष्ट येते. परडी म्हणजे तागडीचे पारडे, असे आम्ही खुशाल ठरवून टाकले आणि एका पारड्यात प्रपंच, दुसऱ्या पारड्यात बोध घालून घटकाभर तोलीत बसलो. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हांलाही वाटले, काय अर्थ काढला!

कीर्तन उतरल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. गळ्यात कवड्यांची माळ. म्हणाली, “महाराज, लई ग्वाड बोललात. पर परडी म्हंजी तागडी न्हवं. उद्या आणून दावते.”

दुसऱ्या दिवशी ती परडी घेऊनच आली. बांबूची उथळ टोपली, वापरून काळी पडलेली. आत हळदकुंकू, दोन-चार कवड्या. बाई तुळजाभवानीची आराधीण. मंगळवारी व शुक्रवारी पाच घरी जायचे, जोगवा मागायचा, पीठमीठ पडेल ते परडीत घ्यायचे, हा तिचा नेम. घरची गरिबी म्हणून ती मागत नव्हती. सुखवस्तू घरची बाईसुद्धा नवस असला म्हणजे पदर पसरून पाच दारी उभी राहते. नवरात्रात आराध्यांचा मेळा बसला, संबळ नि तुणतुणे वाजू लागले, झांज खणखणली, की कापडाला पीळ देऊन केलेला पोत तेल पाजून पेटवायचा आणि तो हाती धरून ठेक्यावर नाचायचे. त्या बाईने आम्हांला चार पावले टाकून दाखवली. वय सत्तरीचे असेल, पण पाऊल ठेक्याबाहेर गेले नाही.

आता नाथांचा जोगवा पुन्हा पाहा. द्वैत बाजूला सारून माळ घालण्याचे नाथ बोलतात. आपण वारकरी, माळ म्हटली की तुळशीची! पण इथे माळ आहे ती कवड्यांची, भवानीच्या भुत्याची. परडी तीच, या म्हातारीच्या काखेतली; पिठाच्या जागी बोध आला इतकेच. नवरात्रही तेच, मात्र नऊ दिवस म्हणजे श्रवणकीर्तनादी नवविधा भक्ती, जी सप्तम स्कंधात प्रल्हादाने पित्याला सांगितली. बाई नवस करून पोटी पुत्र मागते, नाथ ज्ञानरूपी पुत्र मागतात. आणि मागायला दारोदार गेले म्हणजे अभिमान गळतो, हे तर त्या नेमातच आहे. नाथांनी रूपक वरून चिकटवलेले नाही. आराधिणीच्या आचारात जे होते तेच उघडे करून दाखवले. आमचे पारडे त्यात कुठे बसणार?

नाथांना ही दृष्टी भागवतातूनच लाभली असावी असे आम्हांला वाटते. एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत कांकणे उतरवणारी कुमारी आहे, पिंगला वेश्याही आहे. त्या स्कंधावरील टीका नाथांनी शके १४९५ मध्ये काशीस पुरी केली. अवधूताने चोवीस केले, नाथांनी पैठणच्या गल्लीतून जाणारा एकही सोडला नाही: मोरपिसांची टोपी घालून पहाटे चिपळ्या वाजवणारा वासुदेव, अंगावर कोरडा ओढणारा पोतराज, दिवटी घेतलेला गोंधळी. आणि आमच्यासारख्या शास्त्राभिमान्यांना नाचाचे वावडे असेल, तर त्यांनी शार्ङ्गदेव उघडावा. देवगिरीच्या यादवांच्या पदरी बसून त्याने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्त ही तिन्ही मिळून संगीत, असे तो सांगतो. त्याच देवगिरीवर पुढे नाथांना जनार्दनस्वामी भेटले. आपली पावली तरी दुसरे काय आहे?

त्या रात्री आम्ही जोगवाच पुन्हा लावला आणि आदल्या दिवशीची चूक सर्वांसमक्ष कबूल केली. आधी म्हातारीला तिचा जोगवा म्हणायला उभे केले. विठ्ठलाच्या मांडवात हे कशाला, म्हणून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नाक मुरडले; आम्ही ऐकले नाही. निरूपण संपल्यावर बाई हसत म्हणाली, “म्हंजी नाथबाबानं आमचीच परडी नेली म्हना की! मंग माघारी कवा देनार?”

याला उत्तर आम्हांला तेव्हा सुचले नाही, आजही नेटके सुचत नाही. मात्र तेव्हापासून एक रिवाज पाळतो. जोगवा लावायचा असेल त्या गावी आधी आराधीण आहे का, याची चौकशी करतो. असली तर तिला पुढे बसवतो, तिचे गाणे अगोदर, आमचे निरूपण मागून. परडी श्रोत्यांत फिरते, आणि तिच्यात जे पडेल ते तिचे. अलीकडे पुष्कळ गावांत कोणी निघत नाही. तेवढ्यासाठी आम्ही एक परडी विकत घेऊन वीणेशेजारी ठेवली आहे. तरुण कीर्तनकारांनी ती हाती घेऊन पाहावी. पण जिथे आराधीण हयात आहे, तिथे तिच्याकडेच जावे. नवरात्राच्या आधी गेलात तर तिला सवड असते.