मार खाणाऱ्या मुलाचं लक्ष कुठे असतं?

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गातला एक मुलगा, मी फळा पुसायला हात वर केला तरी डोकं झाकून घेतो. गणित समजावताना मात्र त्याचं लक्ष नसतं. घरी वडील फार मारतात असं कळलं. याचा मेंदूवर खरंच परिणाम होतो, की मोठा झाल्यावर विसरेल?
— एक शिक्षिका

उत्तर : परिणाम होतो, आणि मार आठवो न आठवो, तो टिकून राहू शकतो. पण त्याचं लक्ष नसतं हे मला पटत नाही. ते गणिताऐवजी तुमच्या हाताकडे आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना पडद्यावर चेहरे दाखवले. आधी अगदी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे. घरी मार खाल्लेल्या मुलांनी रागावलेला चेहरा इतर मुलांच्या आधीच ओळखला, चित्र पुरतं उमटण्यापूर्वी. चपलांच्या आवाजावरून बापाचा आजचा रंग ताडणाऱ्या पोराला ही नजर लागतेच. त्याचा मेंदू बिघडला असं मी म्हणणार नाही. तो त्या घरात टिकण्यासाठी तयार झाला आहे, आणि त्याची किंमत तो तुमच्या वर्गात मोजतो आहे.

भीती वाटली की मेंदूतला अमिग्डाला सावध होतो, शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. क्वचित झालं तर निभावतं. रोजच होऊ लागलं की शिकणं आणि आठवण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर ताण येतो. लहानपणी छळ सोसलेल्या प्रौढांमध्ये हा भाग सरासरीने लहान आढळला आहे. भावनांना आवर घालणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून असं मूल चटकन चिडतं, नाहीतर एकदम मिटून जातं, आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. अर्थात, सरासरीवरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

आणि तो वर्गात एकटाच असेल असं धरून चालू नका. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचं आढळलं होतं.

मेंदू बदलतो तसा सावरतोही. त्यासाठी मार थांबायला हवा आणि भरवशाचं एक तरी मोठं माणूस हवं. समुपदेशनाचाही उपयोग होतो. तुम्ही त्याच्याजवळ मागून जाऊ नका, हात उचलण्याआधी बोला, रोजचा क्रम शक्यतो मोडू नका. अभ्यासाची तक्रार वहीत लिहून घरी मुळीच पाठवू नका. त्या वहीपायी त्याला संध्याकाळी पुन्हा मार बसेल. मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीअपरात्रीही चालतो, आणि शेजाऱ्यानेही करावा.