गोष्टीतील माणसे व त्यांचे पेच
(भाषेच्या तासासाठी काही सूचना)



शाळाभेटीच्या वेळी मुलांच्या भाषेच्या वह्या चाळताना एक वाक्य माझ्या दृष्टीस वारंवार पडते : "अमुक हा प्रेमळ, कष्टाळू व प्रामाणिक होता." पाठ बदलतो, पात्र बदलते, इयत्ता बदलते; ही तीन विशेषणे मात्र आपली जागा सोडीत नाहीत. तीस वह्या उघडल्या तरी तीसही एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. असे उत्तर चुकीचे असते असे नाही. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु ते लिहिण्यासाठी मुलाला गोष्ट वाचण्याची गरज पडत नाही. फळ्यावरून उतरवून घेतले की काम भागते. मग आपण जो पाठ शिकविला, त्याचे त्या मुलाजवळ काय उरले?

गोष्टीतील पात्रे आणि त्यांच्यापुढील संघर्ष मुलांना स्वतःच्या बुद्धीने कसा उलगडता येईल, याविषयी येथे काही सूचना केल्या आहेत. त्यांसाठी निराळे साहित्य किंवा जादा तास लागत नाही. खडू, फळा व पाठ्यपुस्तक एवढे पुरे आहे. द्विशिक्षकी शाळेतही हे सहज करता येईल.

१. स्वभाव कोठे दिसतो?

ओसरीवर स्वस्थ बसलेल्या माणसाचा स्वभाव आपणास कळत नाही. तोच माणूस पेरणीच्या दिवसांत, घरात आजारपण आणि हाती पैसा नाही अशा वेळी काय करतो, यावरून गाव त्याची पारख करते. गोष्टीतील माणसांचेही तसेच आहे. म्हणून आधी स्वभाव व मग प्रसंग, हा आपल्या पाठ-टाचणातील नेहमीचा क्रम बदलावा. आधी पात्राचा पेच शोधावा. स्वभाव त्यातून आपोआप हाती येतो.

'संघर्ष' म्हटले की मुलांना मारामारी आठवते. तेव्हा खालच्या इयत्तांत 'पेच' किंवा 'अडचण' हे शब्द वापरावेत. कोणाला तरी काहीतरी हवे आहे आणि त्याच्या आड काहीतरी येते आहे, एवढाच त्याचा अर्थ सांगावा. आड येणारा कधी दुसरा माणूस असतो, कधी पाऊस वा दुष्काळ, कधी गावाची रीत, तर कधी आपलेच मन.

कोणतीही गोष्ट शिकविताना पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारावेत :

(१) या माणसाला काय हवे आहे?
(२) त्याच्या आड काय येते?
(३) अशा वेळी तो काय करतो, आणि त्याबद्दल त्याला काय सोसावे लागते?

प्रत्येक उत्तरानंतर चौथा प्रश्न विचारण्यास विसरू नये : "हे तुला कोठे सापडले?" मुलाने पाठातील ओळीवर बोट ठेवावे किंवा प्रसंग सांगावा. या चौथ्या प्रश्नाची सवय लागली म्हणजे पाठ केलेली विशेषणे हळूहळू गळून पडतात.

२. पहिल्या इयत्तांसाठी : चिमणी व कावळा

ही गोष्ट मुले घरूनच घेऊन येतात. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या दारी येतो; ती बाळाचे एकेक काम सांगत त्याला थांबविते.

चिमणी कशी होती, असे विचारले की वर्ग एकमुखाने "चांगली" म्हणतो. कावळा "वाईट" किंवा "आळशी" ठरतो. येथेच चौथा प्रश्न विचारावा. कावळा आळशी होता, हे गोष्टीत कोठे आहे? मुले शोधू लागतात आणि ते गोष्टीत नाहीच, हे त्यांच्या ध्यानी येते. आपण घर शेणाचे म्हटले आणि घरावरून माणसाला नाव ठेविले. दुसरीतल्या मुलाला एवढे उमगले तरी तो तास सार्थकी लागला.

नंतर अर्धा वर्ग दाराच्या आत व अर्धा बाहेर उभा करावा. आतल्यांनी चिमणीला काय हवे ते सांगावे : बाळ कोरडे राहावे, सुखरूप राहावे. बाहेरच्यांनी कावळ्याला काय हवे ते सांगावे : आसरा. मग जागा बदलाव्यात. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन खऱ्या गरजा उभ्या आहेत, हे मुलांना उभे राहिल्यानेच कळते; निराळे समजावून द्यावे लागत नाही. या गोष्टीचा शेवट घरोघरी निराळा सांगतात. कोठे कावळ्याला आत घेतले जाते, कोठे त्याला चटका बसतो. प्रत्येकाने आपल्या घरचा शेवट सांगावा आणि त्या शेवटातली चिमणी कशी वाटते, तेही सांगावे.

३. पाचवी-सहावीसाठी : श्यामचे पोहणे

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिले. तत्पूर्वी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत असत. मुलांशी कसे बोलावे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून हे पुस्तक आपल्या वर्गात आजही बोलते. त्यात मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रात्री आठवणी सांगतो. ही गोष्ट लहान श्याम सांगत नसून मोठा श्याम मागे वळून पाहत सांगतो आहे, हे मुलांच्या नजरेस आधीच आणून द्यावे.

त्यातला पोहण्याचा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. श्यामला पाण्याची भीती वाटते. मुले त्याला विहिरीवर न्यायला येतात तेव्हा तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते व पोहावयास पाठविते. श्याम पाण्यात उतरतो, पण आईवर रुसतो. पुढे अंगावरचे वळ आईला दिसतात. तिला गहिवरून येते आणि ती त्यांवर तेल लावते.

या प्रसंगाविषयी एक गोष्ट मला कबूल करावयाची आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, पदविका घेऊन मी नुकताच एका लहान गावच्या शाळेत रुजू झालो होतो. हा प्रसंग वाचून झाल्यावर मी फळ्यावर उत्तर लिहिले : 'श्यामची आई प्रेमळ परंतु शिस्तप्रिय होती.' मुले उतरवून घेऊ लागली. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मारताना आईला काही वाटलं नाही, मग वळ बघून रडू कसं आलं?" मुले हसली. मी त्याला म्हणालो, "प्रश्नात हे विचारलेलं नाही. खाली बस." तो बसला. त्या वर्षी पुन्हा त्याने आपण होऊन मला काही विचारले नाही, आणि वर्ग शांत चालला म्हणून मला बरेही वाटले.

त्या पाठात विचारण्यासारखा एकच प्रश्न होता आणि तो त्या मुलाने विचारला होता, हे समजण्यास मला पुढे कित्येक वर्षे लागली. तो प्रश्न आज वर्गात आला तर काय करावे, ते सांगतो. उत्तर देऊ नये. तीन प्रश्न लावून पाहावेत.

श्यामला काय हवे आहे? पाण्यापासून सुटका. आड काय येते? आई, आणि सोबत्यांसमोर भित्रा ठरण्याची लाज. म्हणजे त्याचा अर्धा पेच बाहेर आहे व अर्धा मनात. आता आईकडे वळावे. तिला काय हवे आहे? येथे दोन उत्तरे येतील आणि दोन्ही फळ्यावर लिहावीत. मुलाला दुखू नये, हे एक. मुलाला कोणी भित्रा म्हणून हिणवू नये, हे दुसरे. दोन्ही इच्छा एकाच आईच्या आहेत आणि त्या वेळी त्या एकमेकींच्या आड येतात. शिंपटी उचलते तेव्हा दुसरी इच्छा वरचढ होते. तेल लावते तेव्हा पहिली. मुलगा ज्याला विसंगती समजला होता, तोच आईचा पेच आहे. 'प्रेमळ परंतु शिस्तप्रिय' या शब्दांत तो दडपला गेला होता.

एखादा मुलगा म्हणेल, "आईने मारले ते चुकले." त्याला थांबवू नये. लेखकाचे आईवर प्रेम आहे म्हणून वाचकाने तिची प्रत्येक कृती मान्य केली पाहिजे असे नाही. दुसरे काय करता आले असते, हे वर्गाला विचारावे. "आईने स्वतः विहिरीवर जाऊन काठावर बसायचं होतं," अशासारखे उत्तर येईल. तेही टिपून घ्यावे. हा प्रसंग म्हणजे छडीला मिळालेला परवाना आहे, असा समज मात्र कोणाचाही होऊ देऊ नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हे आपण जाणताच.

४. फलकलेखन

फळ्याचे चार रकाने पाडावेत : 'हवे', 'आड', 'केले', 'पुरावा'. डाव्या कडेला पात्राचे नाव लिहावे. मुलांच्या तोंडचे शब्दच रकान्यात घालावेत. ग्रांथिक करू नयेत. सर्व रकाने भरल्यानंतर शेवटी, आणि शेवटीच, स्वभावाचा शब्द मागावा. तासाच्या अखेरीस साधारण पुढीलसारखे उत्तर वहीत उतरले तर ते उत्तम समजावे :

'श्यामच्या आईला त्याला लागलेलं बघवत नव्हतं. पण तो भित्रा राहिलेलाही तिला चालत नव्हता. म्हणून तिने मारले आणि मग तेल लावले. मला वाटते ती कडक होती, पण मनातून घाबरली होती.'

भाषा साधी आहे, एखादे शुद्धलेखन चुकेल. ते निराळ्या शाईने सुधारावे, परंतु गुण विचाराला द्यावेत. 'घाबरली होती' हा शब्द फळ्यावरून उतरविलेला नाही. तो मुलाने स्वतः मिळविला आहे.

५. सातवी-आठवीसाठी : कर्ण

वरच्या इयत्तांत दोन्ही बाजू योग्य असलेला पेच घ्यावा. आपल्या परंपरेने त्याला धर्मसंकट हे नाव दिलेच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात कुंती गंगेच्या तीरी कर्णाला भेटते आणि तू माझा मुलगा आहेस, असे सांगते. एका बाजूला रक्ताचे नाते. दुसऱ्या बाजूला पडत्या काळी मान देणारा दुर्योधन. कर्ण दुर्योधनाला सोडीत नाही. परंतु अर्जुनावाचून इतर पांडवांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र राहतील, असे वचन तो कुंतीला देतो.

येथे 'कर्ण दानशूर होता' एवढ्याने भागत नाही. त्याने कोणाला काय दिले, कोणाला काय नाकारले, आणि त्या वचनाची किंमत कोणाला मोजावी लागणार होती, हे मुलांना शोधू द्यावे. मग कुंतीविषयीही तेच तीन प्रश्न विचारावेत. ती इतक्या वर्षांनी का आली, येथे वर्गात मतभेद होतील. ते मिटविण्याची घाई करू नये. प्रत्येक पक्षाकडून आधार मात्र मागावा.

६. काही सावधगिरी

(अ) 'सर्वच उत्तरे बरोबर' असे म्हणू नये. मते दोन असू शकतात. ज्या मताला गोष्टीत आधार नाही ते मात्र सोडून द्यावे लागते.

(आ) प्रश्न विचारल्यावर थांबावे. आपण मनात दहापर्यंत अंक मोजावेत. पहिला हात वर आला की लगेच उत्तर घेतले, तर सावकाश विचार करणाऱ्या मुलाचा विचार अर्ध्यावर तुटतो.

(इ) चर्चा गोष्टीतील माणसांविषयीच ठेवावी. "तुझी आई मारते का?" असा प्रश्न कदापि विचारू नये. आपल्या वर्गांत आई ऊसतोडीला गेलेली मुले असतात, आई नसलेली असतात, घरी मार खाणारी असतात. श्यामविषयी बोलताना ती आपलेच बोलत असतील. ते ऐकावे, फळ्यावर लिहू नये. काळजी करण्याजोगे काही वाटल्यास तासानंतर मुलाशी एकांतात बोलावे व मुख्याध्यापकांच्या कानी घालावे.

७. स्वाध्याय

चालू महिन्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील एक गोष्ट निवडून वरील पद्धतीने पाठ घ्यावा. मुलांनी लिहिलेल्या पाच उत्तरांच्या वह्या, चुकांसह, न सुधारता, पुढील शिक्षण परिषदेस आणाव्यात. त्यांपैकी एक तरी उत्तर असे असावे की जे वाचून आपण स्वतः क्षणभर थांबलात. सुबक वह्या निवडून आणू नयेत, ही विनंती.

वर्गातून असा एखादा प्रश्न येईल की जो टाचणात नाही आणि परीक्षेतही येणार नाही. त्या वेळी घड्याळाकडे आपले लक्ष जाईल, हे मी अनुभवाने जाणतो. तरीही मी त्या मुलाला जे म्हणालो ते आपण म्हणू नये. त्याला उभे राहू द्यावे आणि विचारावे, "हे तुला कोठे सापडले?"