परसातील कोंबड्यांची पैदास : शुद्ध जातीची की संकरित?

परसात आठ-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबापुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. उबवणी केंद्रातून आणलेली संकरित पिले चांगली वाढतात आणि देशी कोंबडीहून अधिक अंडी देतात. मग पुढील वर्षी पुन्हा पिले विकत घेण्याऐवजी याच कोंबड्यांची अंडी उबविली तर काय बिघडले, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. शेजारची खुडूक कोंबडी आणली जाते, तिच्याखाली दहा अंडी ठेवली जातात आणि पिलेही निघतात. परंतु सहा-सात महिन्यांनी असे आढळून येते की, काही तलंगा आईसारख्या थोराड निघाल्या, काही किरकोळच राहिल्या, तर काहींनी अद्याप अंडी देण्यास सुरुवातही केलेली नाही. दाणा मात्र सर्वांनीच खाल्लेला असतो. ज्या घरी अंडी विकून मीठमिरचीचा खर्च भागविला जातो, त्या घरी असे एक वर्ष वाया जाणे ही लहान हानी नव्हे. म्हणून पैदाशीसाठी कोणता पक्षी निवडावा, याचा विचार आरंभीच करणे अगत्याचे आहे.

शुद्ध जात व संकर यांतील भेद

ज्या जातीतील नर व मादी यांची संतती पिढ्यान् पिढ्या आईबापांसारखीच निपजते, ती शुद्ध जात होय. असील, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न ही तिची उदाहरणे आहेत. याउलट दोन किंवा अधिक भिन्न वाणांचा मुद्दाम संयोग करून जे पक्षी तयार करण्यात येतात, त्यांस संकरित म्हणतात. परसासाठी प्रसृत झालेले गिरिराज व वनराज हे याच प्रकारे तयार झालेले पक्षी आहेत. गिरिराजची निर्मिती बंगळूर येथील कृषी विद्यापीठात, तर वनराजची निर्मिती हैदराबाद येथील कुक्कुट प्रकल्प संचालनालयात झाली.

भिन्न वाणांच्या संयोगाने पहिल्या पिढीत जो विशेष जोम दिसून येतो, त्यास संकरजोम म्हणतात. हा जोम संततीत जसाच्या तसा उतरत नाही. दोन वाणांच्या संकरातील नर-मादी आपसांत जुळविल्यास पुढील पिढीत त्यातील साधारण निम्माच शिल्लक राहतो. शिवाय मूळ वाणांचे गुण निरनिराळ्या प्रमाणात विभागले जातात व त्यामुळे कळपातील एकसारखेपणा नाहीसा होतो. शेतकऱ्यास ही गोष्ट नवी नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हापासून अशा पिकाचे घरचे बी पुन्हा पेरू नये, हे त्याने अनुभवाने ओळखले आहे. ज्वारीस लागू पडणारा हा नियम कोंबडीसही लागू पडतो.

संकरित पक्षी केव्हा घ्यावेत?

याचा अर्थ संकरित पक्षी वाईट, असा मुळीच नव्हे. घरी खाण्यास व विकण्यास अंडी हवी असतील, तर ते अवश्य बाळगावेत. मात्र त्यांची अंडी उबवणीस ठेवू नयेत. दरवेळी विश्वसनीय केंद्रातून नवी पिले आणावीत व त्यांचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. असे पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे अंडी अधिक मिळतात, परंतु पिले सांभाळण्यास आई मिळत नाही. यासाठी घरात एक-दोन देशी कोंबड्या ठेवणे सोयीचे ठरते. खुडूक झालेल्या देशी कोंबडीच्या पंखांखाली केंद्रातील एक दिवसाची पिले रात्रीच्या अंधारात सोडली असता ती बहुधा त्यांस आपलीच मानून वाढविते.

शुद्ध जातीची पैदास

ज्या गावास उबवणी केंद्र दूर आहे व दरवर्षी पिले आणणे शक्य नाही, तेथे स्वतःची वीण स्वतः चालविणारा कळपच हवा. त्यासाठी देशी किंवा शुद्ध जातीचे पक्षी निवडावेत. देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते. हा आकडा लहान आहे. परंतु ती उत्तम उबविते, पिलांचे घारीपासून रक्षण करते आणि उकिरड्यावर चरून आपले पोट बरेचसे भरते. व्हाइट लेगहॉर्न अंडी पुष्कळ देते, पण सहसा खुडूक होत नाही. शिवाय तिचा पांढरा रंग घारीच्या नजरेत लगेच भरतो. म्हणून मोकळ्या परसास ती तितकीशी योग्य नाही.

या पद्धतीत मोठा धोका असतो तो निकटच्या नात्यातील संयोगाचा. एक नर व दहा माद्या यांच्याच संततीवर कळप चालविला, तर हा दोष दर पिढीस सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. दोन नर ठेवल्यास तो साडेसात टक्क्यांवर येतो. बापलेकीच्या एकाच संयोगाने तर संततीत तो २५ टक्के उतरतो. अंडी न फळणे, पिले कवचातच मरणे, निघालेली पिले दुबळी असणे, ही त्याची लक्षणे होत. यावर उपाय सोपा आहे. घरचा नर पैदाशीस ठेवू नये. दरवर्षी दुसऱ्या गावाहून त्याच जातीचा निरोगी नर आणावा व कळपात सोडण्यापूर्वी त्यास दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे.

नर बदलल्यानंतर लगेच उबवणीची अंडी गोळा करू नयेत. पूर्वीच्या नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. म्हणून तीन आठवडे थांबावे. गल्लीतील परका नर कळपात शिरत असल्यास कोंबड्या कुंपणात ठेवाव्यात, नाहीतर जातीच्या शुद्धतेस अर्थ राहत नाही.

उबवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ व न तडकलेली अंडी निवडावीत. ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून, आठवड्याहून अधिक न साठविता वापरावीत. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेशी होतात. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून न फळलेली अंडी काढून टाकावीत. २१ व्या दिवशी पिले बाहेर पडतात. त्यांस पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस थेंबाने, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. अंडी हवी असतील तर संकरित पक्षी. पुढची वीण हवी असेल तर देशी किंवा शुद्ध जात.
२. संकरित कोंबडीची अंडी खावी किंवा विकावी, उबवू नयेत.
३. पैदाशीचा नर दरवर्षी बाहेरून आणावा.
४. नर बदलल्यावर तीन आठवडे उबवणीची अंडी धरू नयेत.
५. खुडूक होणारी एखादी देशी कोंबडी प्रत्येक परसात असावी.

हे दोन मार्ग वेगळे ठेवणाऱ्या कुटुंबास दोन्हींचा लाभ घडतो. त्यांची सरमिसळ करणाऱ्यास संकराचा जोमही लाभत नाही आणि जातीची शुद्धताही राहत नाही.