आजीची बाज की सप्तर्षी?



सप्तर्षींचा पाठ शिकवून झाला होता. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माही आजी त्याले बाज म्हणते. मंग आजीचं चुकलं का?"

आपल्या महागाव तालुक्यातल्या शाळांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं उत्तर आपण काय देतो, यावर ते मूल घरी जाऊन आजीला पुन्हा काही विचारेल की नाही, हे ठरतं.

आजीचं चुकलेलं नाही. सप्तर्षींचे पुढचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला निघालेले चोर, ही गोष्ट आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. गोंड समाजातही ती आहे. गंमत बघा, या तीन चोरांपैकी मधला तारा म्हणजे वसिष्ठ! त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती लग्नात नवरा-नवरीला दाखवतात. एका गोष्टीतला चोर दुसऱ्या गोष्टीत ऋषी आहे. तारे तेच, सांगणारे वेगळे.

या आकाशाची दखल अभ्यासकांनीही घेतली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गावोगावच्या जाणत्या माणसांना विचारून गोंडांच्या आकाशज्ञानावर 2013 मध्ये शोधनिबंध लिहिला. पुढे बंजारा आणि कोलाम समाजांवरही असंच काम झालं. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरचंच हे ज्ञान!

गोंडांना मृग नक्षत्रात शेतीची अवजारं दिसतात. पोथीत मात्र ते हरीण आहे, व्याधाने मारलेला बाण त्याच्या पोटात रुतलेला. ओळीतले तीन तारे म्हणजे तो बाण. आकाशगंगेला गोंड जनावरांची वाट म्हणतात. आणि हजारो मैल दूर आयर्लंडमध्ये तिचं जुनं नाव आहे 'पांढऱ्या गायीची वाट'. गुरं राखणाऱ्या माणसाला आकाशातही गुरांचीच वाट दिसली!

आता मुलांचा दुसरा हमखास प्रश्न: "मिरगात मिरग काऊन दिसत नाही?" 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, सगळं गाव पेरणीच्या तयारीला लागतं, पण आकाशात मृग सापडत नाही. कारण सोपं आहे. 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. मग ते तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. दिवसा ते कसे दिसणार? सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला जातो. तेव्हा, म्हणजे डिसेंबरात, रात्री आठच्या सुमारास मृग पूर्वेला ठळक दिसतो. त्या महिन्याची पौर्णिमा मृगाजवळ होते, म्हणून महिन्याचं नाव मार्गशीर्ष. आपलं पेरणीचं पंचांग ताऱ्यांवर असं बांधलेलं आहे.

मुलांकडून करून घ्या

1. एप्रिल-मेमध्ये रात्री आठ-नऊ वाजता उत्तरेला उंचावर बाज शोधा. चोर मोजा. मधल्या चोराजवळ अरुंधती दिसते का, ते पाहा.

2. हात लांब करून मूठ क्षितिजावर धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. उत्तरेला दोन मुठी वर ध्रुवतारा सापडतो, कारण आपलं गाव विषुववृत्ताच्या सुमारे 20 अंश उत्तरेला आहे.

3. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तीन ताऱ्यांची नावं विचारा. वहीत तीन रकाने करा: नाव, कोणी सांगितलं, कोणत्या भाषेत. गोरमाटी, कोलामी, गोंडी, वऱ्हाडी, जशी असतील तशीच लिहा. शुद्ध करायला जाऊ नका.

पालकहो, एक विनंती. एक दिवस अंगणातला दिवा अर्धा तास बंद करा आणि आजी-आजोबांना बाजेवर, मुलांच्या शेजारी बसवा. सप्तर्षी पुस्तकात छापलेले आहेत, ते कुठं जात नाहीत. आजीची बाज मात्र फक्त आजीजवळ आहे. आज विचारली नाही, तर उद्या सांगायला कोणी नसेल.

त्या मुलीला मी फळ्याजवळ बोलावलं. 'सप्तर्षी'च्या शेजारी तिनं तिच्या हातानं लिहिलं, 'बाज'.