पर्वतीचे तळे

पुण्यातील सारसबागेत गणपतीचे एक प्रसिद्ध मंदिर आहे. जुने पुणेकर त्यास 'तळ्यातला गणपती' म्हणतात. नवख्या माणसास या नावाचे नवल वाटते. कारण मंदिरालगतचे कमळांचे थोडेसे पाणी सोडले, तर तेथे तळे कोठेच दिसत नाही. चहूंकडे हिरवळ, झाडे आणि त्यांपलीकडे रस्त्यावरील वाहनांची वर्दळ! परंतु हे नाव खोटे नाही. आज मुले जेथे हिरवळीवर धावतात, तेथे एके काळी नावा चालत असत.

पुण्याच्या दक्षिणेस पर्वती ही टेकडी आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये तिच्या माथ्यावर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. त्या काळी पर्वती शहराबाहेर होती. टेकडीच्या पायथ्याजवळून आंबील ओढा वाहत असे. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी थेट पुण्याच्या वस्तीतून जाऊन मुठेस मिळे. पेशव्यांच्या काळात त्याचे पात्र पश्चिमेकडे वळविण्यात आले आणि पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून सुमारे २५ एकरांचे तळे करण्यात आले. तळ्याच्या मध्यभागी जमिनीचा एक तुकडा मुद्दाम कोरडा राखला होता. त्यावर बाग फुलविली, तीच सारसबाग.

या तळ्याच्या बांधकामाविषयी एक आख्यायिका सांगतात. काम फार मंद चालले होते. एके दिवशी नानासाहेब हत्तीवरून तेथे आले. त्यांनी कोणासही शब्दाने दोष दिला नाही. ते खाली उतरले आणि स्वतःच दगड उचलू लागले. ते पाहताच बरोबरच्या सरदारांनीही शेले कमरेस बांधले, आणि मग कामास वेग आला. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असेलच असे नाही. पण ती पुण्यात अजून आवडीने सांगितली जाते. नानासाहेबांचा अंत मात्र याच परिसरात व्हावा, हा दैवयोग होय. पानिपतच्या आघाताने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निधन पावले.

पुढे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत या स्थळाचे वैभव वाढले. १७८४ मध्ये बेटावर गणपतीचे मंदिर झाले. पेशवे तेव्हा अवघ्या दहा वर्षांचे होते! या बालपेशव्यांना प्राण्यांची मोठी हौस. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात हरणे व इतर वन्य प्राणी पाळलेले असत. तळ्यात नौकाविहार चाले. राज्यकारभारातील गुप्त मसलतीही नावेतच होत, असे म्हणतात. नाव वल्हविण्यास मराठी न समजणारे हबशी नेमलेले असत. त्यामुळे नावेतील बोलणे नावेतच राही. भिंतीला कान असतात. पाण्याला भिंतच नसते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. तळ्याचा मालकच गेला, तेव्हा नावांचे काय प्रयोजन? शिवाय ओढ्यावर बांधलेल्या तळ्यास एक जन्मजात व्याधी असते. दर पावसाळ्यात ओढा माती आणतो; ती तळाशी बसते. गाळ उपसला नाही, तर तळे वर्षावर्षाने उथळ होत जाते, आणि उथळ, साचलेल्या पाण्यात डास माजतात. अखेरीस पर्वतीचे तळे कोरडे झाले आणि बेट हे बेट राहिले नाही.

१९५३ मध्ये तळ्याच्या जुन्या जागेत महानगरपालिकेने पेशवे पार्क सुरू केले. तेथे प्राणिसंग्रहालय होते. सवाई माधवरावांच्या शिकारखान्याच्या शेजारीच पुन्हा पिंजरे आले! १९५६ मध्ये तेथे 'फुलराणी' ही चिमुकली आगगाडी धावू लागली. तीत बसण्यासाठी पुण्यातील मुलांच्या रांगा लागत. पुढे प्राण्यांना अधिक मोकळ्या जागेत, कात्रजला हलविण्यात आले. जेथून ओढ्याचे पाणी तळ्यात येत असे, त्या दिशेस प्राणी गेले, ही गंमतच म्हणावयाची.

तळे गेले, ओढा मात्र राहिला. त्याच्या काठी सहकारनगर, अरण्येश्वर अशा दाट वस्त्या झाल्या. वर्षातील बहुतेक दिवस तो इतका बारीक वाहतो की, पुलावरून जाणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्षही जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस मुसळधार पाऊस कोसळला. पाहता पाहता ओढ्याचे पाणी काठ सोडून घरांत शिरले. भिंती पडल्या, मोटारी वाहून गेल्या. त्या रात्रीच्या पावसात पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि दांडेकर पुलाखाली आंबील ओढा पुन्हा पूर्वीसारखाच बारीक वाहू लागला.

तळ्यातल्या गणपतीस आजही भाविकांची दाटी असते. थंडीच्या दिवसांत पुजारी मूर्तीस लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. ते रूप पाहण्यास मुले मोठ्या हौसेने येतात आणि जेथे नावा चालत, त्या जागेवरून पायी चालत मंदिरात जातात.